शनिवार तेली आणि परक्याची थैली

मुंबईच्या मस्जिद बंदर स्टेशनावर उतरणाऱ्या माणसाला हे नाव कोणत्या मशिदीवरून पडले असे विचारले, तर तो आसपासच्या एखाद्या मुसलमानी मशिदीकडे बोट दाखवील. त्यात त्याची चूक नाही. परंतु हे नाव सामाजी हसाजी दिवेकर नावाच्या एका कोकणी यहुद्याने १७९६ साली बांधलेल्या मशिदीवरून पडले, असे सांगणारे लोक आहेत. आणि ते खरे असो वा नसो, त्यात अशक्य असे काही नाही. कारण कोकणातला यहुदी आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतो. ‘सिनेगॉग’ हा शब्द त्याच्या तोंडी इंग्रजी शाळेबरोबर आला. सामाजीच्या त्या मंदिराचे हिब्रू नाव ‘शाआर हा-रहामीम’, म्हणजे दयेचे द्वार. पण लोक तिला ओळखतात ‘जुनी मशीद’ म्हणून. आणि १८४० साली दुसरी झाली ती ‘नवी मशीद’. नव्या मशिदीला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, तरी ती नवीच. नवे जुने झाले तरी नाव नवेच ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीतच आहे.

ही जुनी मशीद बांधायला पैसा कोठून आला, हा प्रश्न मला प्रथम पडला तेव्हा त्यात विशेष काही आहे असे वाटले नव्हते. पण या लहानशा समाजाच्या इतिहासाचा धागा याच प्रश्नाला बांधलेला आहे, असे पुढे दिसून आले. अलिबाग-रेवदंड्याच्या पट्ट्यात तेलाचे घाणे हाकणारे हे लोक दूरच्या यहुदी जगाशी पुन्हा जोडले गेले कसे, आणि त्या जोडणीचा खर्च कोणी केला? खर्च करणाऱ्याने त्या बदल्यात काय मागितले?

बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची लेकरे, आपली कथा अशी सांगतात: फार पूर्वी चौलजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते किनाऱ्यावर लागली ती पुरली. पोथ्या समुद्राने गिळल्या. वाचलेले लोक कोकणात राहिले, कोकणी झाले. घाणा हाकू लागले, पण शनिवारी घाण्याला बैल जुंपीनात. म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिले. आडनावे गावावरून पडली: किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. या कथेला कागदोपत्री पुरावा नाही, आणि ती केव्हा घडली याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण शनिवारचा बंद घाणा हा पुरावा काही लहान नव्हे.

पोथी नव्हती, भाषा गेली होती, तरी राहिले काय ते पाहण्यासारखे आहे. मुलांची सुंता राहिली, शनिवार राहिला, खाण्यापिण्याचे विधिनिषेध राहिले, आणि ‘शेमा’ ही एक हिब्रू प्रार्थना राहिली. जन्म असो, लग्न असो, मयत असो, म्हणायचे ते एवढेच. सण राहिले, पण मराठी नावांनी. वर्षारंभ तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा उपास तो ‘दारफाळणीचा सण’, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. यरुशलेमचे मंदिर पडले त्याच्या शोकाचे दिवस आले की वालाचे बिरडे खायचे, म्हणून तो ‘बिरड्याचा सण’. मंदिर कोणते, कोणी पाडले, हे सांगणारे कोणी उरले नसले तरी बिरडे चुकले नाही! आपल्याकडच्या बायकांनी धर्म राखला असे आपण म्हणतो, ते मला या बिरड्यावरून जितके पटले तितके कोणत्याही व्याख्यानावरून पटले नाही. जोडीला मलिद्याचे ताट होते: पोहे, खोबरे, गूळ आणि फळे. ते एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने करायचे. अलिबागेजवळ खंडाळे गावी खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, अशी या लोकांची श्रद्धा आहे.

मग कोणी तरी बाहेरून आले. परंपरा त्याला दाविद रहाबी म्हणते. तो हजार वर्षांपूर्वीचा, की अठराव्या शतकातला कोचीनचा व्यापारी, यावर वाद आहे. परंतु त्याने घेतलेली परीक्षा सर्वांना पाठ आहे. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले व रांधायला सांगितले. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे उचलले आणि बाकीचे बाजूला सारले. ते आम्ही खात नाही, म्हणाल्या. मोशेचे नियमशास्त्र नेमके हेच सांगते. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर अशा तीन घराण्यांतले तरुण निवडून त्यांना शिकवले, आणि ते ‘काजी’ झाले. अशा रीतीने या समाजाला पहिला शिक्षक मिळाला. त्याने द्रव्य दिले नाही आणि मागितलेही नाही. १७६८ साली कोचीनच्या यहेझकेल रहाबीने हॉलंडमधल्या एका गृहस्थाला पत्र लिहून मराठ्यांच्या मुलखातील या लोकांची हकीकत कळवली, इतपत मात्र कागदावर आहे.

सामाजी हसाजी दिवेकर हा कंपनी सरकारच्या पलटणीतला देशी कमांडंट. दुसऱ्या म्हैसूर युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला. तिथे तो बेने इस्राएल आहे हे ऐकून टिपूच्या आईने कुराणातल्या नावाची आठवण काढली आणि त्याचा जीव वाचवला, असे सांगतात. जिवंत सुटलो तर देवाचे घर बांधीन असा नवस त्याने केला होता. तो त्याने मांडवीत फेडला. तेव्हा जुन्या मशिदीचा पैसा हा शिपायाच्या पगाराचा पैसा. घर बांधले, पण आत ठेवायला तोरा नव्हती. ती आणण्यासाठी तो कोचीनला गेला आणि तिथेच १७९७ साली वारला. पुढे रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण, ठाणे अशा मशिदी १८४२ ते १८७९ या काळात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मोठा धनी दिसत नाही. सुभेदार-मेजराची पेन्शन, तेल्याची बचत आणि मानाच्या बोल्या यांवर हे चालले. यहुदी रिवाजात तोरा उचलण्याचा, वाचनाला उभे राहण्याचा मान बोलीने जातो. आपल्या जत्रेतल्या पालखीसारखेच हे आहे.

दुसरी थैली आली ती सातासमुद्रापलीकडून, आणि ती यहुद्यांची नव्हती. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८२९ साली स्कॉटलंडचे जॉन विल्सन आले. मुक्तिदात्याला ओळखायला बेने इस्राएल हे सर्वांत योग्य लोक, अशी त्यांची समजूत. त्यांनी शाळा काढल्या, यहुदी मुले घेतली, यहुदी मास्तर नेमले, बायबल मराठीत आणले. विल्सनसाहेबांनी तर १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. हा सारा खर्च अमेरिकेतल्या आणि स्कॉटलंडमधल्या भाविकांच्या दानातून झाला. आशा अशी की हे लोक आपले शास्त्र वाचतील आणि वाचता वाचता ख्रिस्ताकडे येतील. झाले भलतेच. त्यांनी शास्त्र वाचले आणि ते अधिक पक्के यहुदी झाले. बाटले ते अगदी थोडे. मिशनच्या शाळेत शिकलेल्या हिब्रूवर पुढे या समाजातले विद्वान निपजले. जोसेफ यहेझकेल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. दान देणाऱ्याचा हेतू एक आणि घेणाऱ्याचे फळ दुसरे, याचे इतके सरळ उदाहरण क्वचित सापडेल. मिशनऱ्यांविषयी आपल्या इतिहासात बरेच कडू लिहिले गेले आहे आणि त्यातले काही रास्तही आहे. परंतु या एका समाजाने त्यांचे आभार मानावेत, आणि त्या समाजातल्या लेखकांनी ते मोकळेपणाने मानलेही आहेत.

कोचीनहूनही १८२६ च्या सुमारास शिक्षकांचा जथा आला. त्यांनी प्रार्थनेचे चलन बसवून दिले. १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह निघाली. पण मला अधिक आवडते ती १८७४ ची पुण्याची प्रत. मोझेस याकोब तळकर आणि आरोन दानिएल तळकर यांनी ती सिद्ध केली आणि विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात ती छापली गेली. तीत चित्रे आहेत, आणि त्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. मिसर देशातून सुटकेची कथा हिब्रूत आणि मराठीत, बायका लुगड्यात, छापखाना अग्निहोत्र्यांचा! पुण्याच्या मुद्रणाच्या इतिहासात या पोथीला मानाचे पान मिळायला हवे.

आता ससूनांकडे वळू. डेव्हिड ससून बगदादेतून निघून १८३२ च्या सुमारास मुंबईत आला, आणि अफू, कापूस व कापड यांच्या व्यापारात त्याने अमाप संपत्ती जोडली. भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ त्याने १८६१ साली बांधले. पुण्याचे ‘ओहेल डेव्हिड’ १८६३ साली सुरू होऊन १८६७ साली पुरे झाले. तेच आपले लाल देऊळ. ससून १८६४ साली वारला, त्याची कबर तिथेच आहे. पुण्यातले इस्पितळ, मुंबईतले वाचनालय, शाळा यांवर त्याच्या घराण्याचे नाव आहे आणि ते योग्यच आहे. त्या पैशाचा उपयोग सर्व जातींना झाला. बगदादी आणि बेने इस्राएल दोघेही यहुदी, दोघेही एका शहरात. तेव्हा कोकणातल्या गरीब भाऊबंदांना आता खरा आधार मिळाला असे वाटावे. काही अंशी मिळालाही. ससूनांच्या शाळेत राजपूरकर मुख्याध्यापक झाले. पण १८३६ साली डेव्हिड ससून आणि इतर बगदादी मंडळींनी सरकारकडे अर्ज केला तो असा, की यहुद्यांच्या दफनभूमीत आमच्या व बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी.

ही भिंत समजून घेतली पाहिजे. तिच्यात रंगाचा आणि संपत्तीचा गर्व होता, यात शंका नाही. साहेबाच्या नजरेत आपण ‘नेटिव’ ठरू नये ही धडपडही होती. पण तिला शास्त्राचा आधारही दाखवला जाई. बेने इस्राएलांना शतकानुशतके यहुदी काडीमोडीचे आणि नियोगविवाहाचे नियम ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांच्या वंशात शास्त्रबाह्य विवाह झाले नसतील कशावरून, असा तो आक्षेप. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्या दहांत बगदादी लोक बेने इस्राएलाला मोजीनात. आणि हेही सांगितले पाहिजे की बेने इस्राएल स्वतः या रोगातून मुक्त नव्हते. त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ अशा दोन तटी होत्या, आणि काळ्यांशी गोरे रोटी-बेटी करीत नसत. आपल्या मातीत राहून जातीचा वास लागला नाही असा समाज कोणता? रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएलांना मत द्यावे की नाही, हा वाद तर कोर्टात गेला आणि १९३५ साली तिथल्या हायकोर्टाने बेने इस्राएलांच्या बाजूने निकाल दिला. यहुदी कोण, हे इंग्रज न्यायाधीशाने ठरवायचे!

हा अपमान मनात ठेवून ज्याने हातपाय हलवले तो हाईम सॅम्युएल केहीमकर. कस्टम खात्यातला नोकर, म्हणजे काही सावकार नव्हे. १८५३ साली त्याने भावांच्या व मित्रांच्या साहाय्याने बेने इस्राएलांची परोपकारी मंडळी काढली, आणि १८७५ साली इस्राएली शाळा सुरू केली. वर्गणीवर शाळा चालवणे म्हणजे काय, हे ज्याने चालवली त्यालाच माहीत. लंडनला १८७१ साली अँग्लो-ज्यूइश असोसिएशन स्थापन झाली होती. केहीमकराने तिच्याकडे पत्रे पाठवली, समाजाची हकीकत कळवली, आणि तिची मदत शाळेला मिळू लागली. बेने इस्राएलांना यहुदी म्हणून मान्य करून आलेले हे पहिले नियमित दान म्हणावे लागेल. हिब्रू, इंग्रजी आणि मराठी, तिन्ही तिथे शिकवीत. पुढे एली कदूरी यांच्या देणगीमुळे १९३० नंतरच्या दशकात शाळेला त्यांचे नाव मिळाले. हे कदूरी बगदादेत जन्मलेले, मुंबईत ससूनांच्या पेढीवर उमेदवारी केलेले, शांघाय-हाँगकाँगमध्ये श्रीमंत झालेले. म्हणजे बगदादी पैसाच शेवटी या शाळेच्या दारावर आला, आणि केहीमकराचे नाव मागे पडले. ज्याने झिजून शाळा काढली त्याचे नाव जाते आणि चेक लिहिणाऱ्याचे राहते, हे आपल्या शिक्षणसंस्थांत नवीन नाही.

केहीमकराने आणखी एक काम केले. आपल्या समाजाचा इतिहास त्याने इंग्रजीत लिहिला आणि १८९७ साली पुरा केला. छापायला पैसा नव्हता. हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले, लेखकही गेला. मग झायनवादी चळवळीचे दूत म्हणून डॉ. इमॅन्युएल ओल्सवांगर हिंदुस्थानात आले, त्यांच्या हाती ते लागले, आणि १९३७ साली तेल अवीव येथे ते छापून निघाले. आज जगात या लोकांविषयी कोणीही लिहो, त्याला प्रथम केहीमकरच उघडावा लागतो.

या सर्व थैल्यांच्या हिशेबात एक गोष्ट अशी आहे की जिला परक्याची थैली लागलीच नाही. ती म्हणजे कीर्तन. १८८० च्या सुमारास मुंबईतल्या काही बेने इस्राएल तरुणांनी हरिदासांची कीर्तने ऐकली. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनीही तोवर कीर्तन उचलले होते. मग आपणच का मागे? त्यांनी कीर्तनाला उत्तेजन देणारे मंडळ काढले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांच्यासारखे कीर्तनकार उभे राहिले. साकी, दिंडी, आर्या, ओवी, सर्व थाट आपला. आख्यान मात्र अब्राहामाचे, भावांनी विकलेल्या योसेफाचे, मोशेचे, एस्तेर राणीचे, किंवा सात मुलगे डोळ्यांदेखत मारले जाताना न डगमगणाऱ्या हन्नाचे. छापील पुस्तिका निघाल्या त्या चार-दोन आण्यांच्या धर्तीवरच्या.

याचे महत्त्व काय ते थोडे थांबून पाहू. मशिदीत प्रार्थना हिब्रूत. ती पुरुषांना जेमतेम वाचता येई. बायका वर सज्जात बसत, त्यांच्या कानांवर नुसता नाद पडे. मिशनऱ्यांनी शास्त्र मराठीत दिले, पण ते वाचायला अक्षर लागते. कीर्तनाला काहीच लागत नाही. कान असले म्हणजे झाले. ज्या बाईने आयुष्यभर बिरड्याचा सण पाळला, तिला यरुशलेमचे मंदिर कोणते आणि ते कसे पडले हे आता कळू लागले, आणि तेही तिच्या जात्यावरच्या चालीशी नाते सांगणाऱ्या चालीत. टाळाच्या ठेक्यावर योसेफ विहिरीत पडला तेव्हा डोळ्यांना पदर लागले असतील, याची मला खात्री वाटते. कारण तशाच मंडपात आपल्या आज्या हरिश्चंद्र-तारामतीला रडल्या आहेत. लंडनच्या मंडळींना किंवा ससूनांना हा उपाय सुचणे शक्य नव्हते. त्यांनी फार तर मास्तर पाठवला असता.

पुढची हकीकत लवकर सांगता येण्यासारखी आहे. १९१३ साली स्त्रीमंडळ निघाले. १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांनी ज्यूइश रिलिजस युनियन स्थापली; त्या कामा हॉस्पिटलच्या नामांकित डॉक्टर, पुढे १९६६ साली पद्मश्री झाल्या. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले आणि समाज उठून जाऊ लागला. १९५१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात सव्वीस हजारांवर यहुदी होते; २०११ च्या शिरगणतीत पाच हजारही भरले नाहीत. जाणाऱ्यांना कोणी हाकलले नव्हते, ही या देशाची अब्रू. पण तिथे पोहोचल्यावर काय झाले? १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठाने हुकूम काढला की बेने इस्राएलाचे लग्न बाहेरच्या यहुद्याशी लावण्यापूर्वी त्याच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. काडीमोड आणि नियोग! म्हणजे १८३६ ची भिंत उठून यरुशलेमला गेली होती. कोकणातल्या ज्या आजीला माशांच्या टोपलीवरून रहाबीने ओळखले, तिचा दाखला आता रब्बी मागत होते. १९६४ साली या लोकांनी यरुशलेमला धरणे धरले. गांधींच्या देशातून गेलेले. त्यांना हे शिकवावे लागले नाही. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला हुकूम मागे घ्यावा लागला.

इथे उरलेल्यांसाठी परदेशी यहुदी संस्थांनी १९६० नंतर पैसा पाठवला, धंदेशिक्षणाच्या शाळा, शिबिरे, सणांचे मेळावे चालवले. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. केहीमकराच्या शाळेत आज यहुदी मूल क्वचितच दिसते. वर्ग आसपासच्या मुसलमान मुलांनी भरलेले असतात.

आणि तिकडे इस्राएलात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक १९८५ पासून निघू लागले. तिथल्या मलिद्याच्या ताटाला पोहेच लागतात. कीर्तनातली पदे तिथल्या वयस्क बायकांना येतात. पुरुष कीर्तनकार केव्हाच संपले; टाळ गेले, पेटीवाला गेला. बायका घरच्या कार्यात जमतात आणि एलियाहू हन्नाबीचे पद मराठीत म्हणतात. नातवंडे हिब्रू बोलणारी. ती आजीला विचारतात, ह्याचा अर्थ काय. मग आजी तो हिब्रूत सांगते.